वसुली बाकी

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात
तीन डिसेंबरपुढे एकच पुष्पचक्र आहे.
स्प्रूसच्या डहाळ्यांचं, तारेवर वळलेलं.
बाजारातली मिर्द्झा ते उधारीवर देते
आणि मार्चमध्ये तार परत मागते.

मेलेली माणसं मात्र दोन.

सकाळी दहाला, टेकडीवर: टेनिस क्राउक्ले.
एकवीस वर्षं नगराध्यक्ष.
ज्यांनी पूल बांधला, दिवे आणले,
आणि कॉलऱ्याच्या वर्षी
बेटाकडचा दरवाजा बंद करून
किल्ली कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.
पुतळ्याचा एक हात कोटात आहे.
शिल्पकाराला बहुधा कुणी काही सांगितलं नसावं.

साडेअकराला, फोटोग्राफर गेला की
मी चक्र उचलते, बर्फ झटकते,
फीत उलटी करते.
एका बाजूला त्यांचं नाव, दुसऱ्या बाजूला तिचं;
ही काटकसर माझ्या आधीच्या कारकुनाची.
आणि चक्र काखेत मारून
खाली दौगावेच्या काठाला चालू लागते.

ओटिलिया सिल्गाइल. झुरिकला शिकलेली.
हिनं हातोड्यानं कुलूप फोडलं
आणि होडीभर चुना घेऊन पलीकडे गेली.
क्राउक्लेंनी फिर्याद ठोकली:
सरकारी कुलपाचे सव्वातीन रूबल.
ते भरायच्या आत ती गेली.
फाईल अजून माझ्या कपाटात आहे,
वर शेरा, लाल शाईत: वसुली बाकी.

गावाला ही जोडी फार आवडते.
जन्मभर विळ्याभोपळ्याचं सख्य
आणि मरायला दोघांना एकच तारीख!
शाळेत मुलं निबंध लिहितात.
पाद्री म्हणतात, वरच्यानं हिशेब मिटवला.
मीही चौदा वर्षं मान डोलावली.

मग गेल्या हिवाळ्यात नळ फुटला.
तळघरातली दप्तरं वर आणून
रेडिएटरवर वाळत घातली,
तर जुनी नोंदवही भिजून फुगून
नेमकी तिच्या पानावर उघडलेली.
तारीख तीच. पण राज्य झारचं,
आणि झारचं पंचांग
जगाच्या बारा दिवस मागे चालायचं.
क्राउक्ले गेले ते पुढे, नव्या पंचांगात.
मी बोटांवर मोजलं, मग कागदावर,
मग मिर्द्झाच्या दुकानातल्या कॅलेंडरवर.
पंधरा.
ती पंधराला गेली.

सांगायला निघाले होते.
वही छातीशी धरून साहेबांच्या दारापर्यंत गेलेही.
आत अंदाजपत्रकच चाललं होतं,
कुठली ओळ कापता येईल.
तारखा वेगळ्या झाल्या
तर दुसरं चक्र कुणी मंजूर करणार नाही,
आणि असलेलं कुणाकडे राहील
हे कळायला पुतळ्याची उंची पुरे.
आल्या पावली परत फिरले.
वही त्या फाईलखाली सरकवली.

यंदाही तीनला फीत उलटी केली.
ओली होती. त्यांच्या नावाची शाई
तिच्या नावातून उमटली होती,
उलट्या अक्षरांनी.

पंधराला पुन्हा गेले,
दातदुखीची रजा टाकून.
चक्र बर्फाखाली गेलं होतं,
हातमोजा काढून उकरलं.
मागे बेटावरचे एक्केचाळीस,
सगळे एका दगडाखाली,
त्यावर नुसतं साल.
त्यांना कुठलंही पंचांग चालतं.
नदी कडेकडेनं गोठू लागली होती.
मी काही बोलले नाही. काय बोलणार,
तिचा माझा तसा परिचय नाही.

येताना बँकेत डोकावले.
झारच्या वेळचे सव्वातीन रूबल
म्हणजे आजचे किती होतील, विचारलं.
खिडकीतल्या मुलीनं चष्मा वर सारला,
कुणाच्या नावावर भरायचेत, म्हणाली,
आणि असं असेल तर
लेखी अर्ज द्या.